आखरावरचं शेण

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दुकानदाराने तराजू माझ्या बाजूला झुकता धरला तरी मी पारड्याच्या खाली हात घालून पाहते. लोक म्हणतात, संशयाला औषध नाही. खरं आहे. पण मी वाढले ते कोळशाच्या गावात, चंद्रपूरकडे, आणि तिथे डोळे मिटून विश्वास ठेवणारं माणूस टिकत नाही. गाड्यांतून रस्त्यावर सांडलेला कोळसा माझी आई पाटीत वेचून आणायची आणि त्यावर आमची सिगडी पेटायची. सांडलेला कोळसा वेचणाऱ्याचा, असा तिथला अलिखित कायदा होता. पहारेकऱ्याला मात्र तो अधूनमधून आठवत नसे, म्हणून एक डोळा कोळशावर आणि एक त्याच्या काठीवर ठेवायला मी लहानपणीच शिकले.

लग्न होऊन मी कुरखेड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात आले. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. सासर धानशेतीचं, घर बौद्धांचं, गोठ्यात अकरा जनावरं. सगळं बरं होतं, पण चूल लाकडाची. कोळशाचा धूर माहेरी ठेवून आले आणि ओल्या लाकडाचा धूर पदरात पडला. माझे डोळे सकाळी चिकटलेले असायचे. सासूबाईंचे तर कायमचेच लाल होते, आणि त्या सांगायच्या की सवय होते. ती सवय मला नको होती, एवढं मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्यात घासलेट मिळेना. रेशनच्या दुकानासमोर डब्यांची रांग लागायची आणि दुकानदार सांगायचा की वरूनच आलं नाही. वरून म्हणजे कुठून, हे गावात फक्त माझ्या सासऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना मी मामाजी म्हणायची. मामाजींकडे रेडिओ होता आणि ते माझ्याहून संशयी होते. तिकडे आखातात दोन तेलवाले देश एकमेकांच्या उरावर बसले होते. बातम्या संपल्या की मामाजी रेडिओ बंद करून कंदिलाकडे बघायचे आणि म्हणायचे की भांडण त्यांचं आणि अंधार आपल्या घरात. आमच्या शेतावरून विजेच्या जाड तारा जात होत्या. माझ्या माहेरचा कोळसा जाळून केलेली वीज त्यातून कुठल्याशा मोठ्या शहराला जायची. गावात मात्र एकच खांब होता, तोही वाकडा.

अशा दिवसांत जीप आली.

जीपमधून उतरलेले साहेब पुण्याकडचे होते. बोलणं गोड, चप्पल कोरी. त्यांनी चावडीपुढे लोक जमवून सांगितलं की जगातलं तेल आज ना उद्या संपणार, कोळसाही संपणार. तेलवाले देश नळ बंद करून सगळ्या जगाला गुडघ्यावर आणतात. पण शेण कोणी बंद करू शकत नाही. प्रत्येक घराने गोबरगॅस बांधला तर देशाला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. बांधकामाचा बराचसा भार सरकार उचलेल.

लोकांनी ऐकून घेतलं आणि पांगले. दुसऱ्या दिवशी गावभर संशय उगवला. कोणी म्हणे, गॅस घेतला की जंगलखात्याचा नाकेदार जंगलातून मोळी आणू देणार नाही, तुमची चूल आता शेणावर चालते म्हणेल. कोणी म्हणे, आज शेणाची मोजदाद, उद्या गुरांवर कर. यातलं पहिलं मलाही पटलं होतं. मामाजींचं म्हणणं वेगळं होतं. ते जेवताना म्हणाले, "तेलाचा भाव वाढला म्हनून यायले आपल्या शेनाची याद आली. भाव उतरला का जीप येनं बंद. लिहून ठेव."

तरी गावात सगळ्यात आधी हो म्हटलं ते त्यांनीच. कारणही संशयच. आपण नको म्हटलं तर गॅस पाटलाच्या वाड्यात जाईल आणि मग तो आयुष्यभर सांगत फिरेल, असं त्यांना वाटलं. साहेबांनी विचारलं, जनावरं किती? मामाजी म्हणाले, अकरा. साहेबांनी वहीत अकरा लिहिले आणि तेवढ्या शेणाचा खड्डा आखून दिला. त्यांच्या पुण्याकडे जनावरं दिवसभर दावणीला असतात. आमची गुरं दिवसभर जंगलात चरतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला ठाऊक असेलच.

इथे आखराबद्दल सांगायला हवं. गावाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली मोकळी जागा होती, तिला आखर म्हणायचे. सकाळी प्रत्येक घरची गुरं तिथे गोळा होत. सगळी जमली की ढोरकी, म्हणजे गावाची गुरं राखणारा, त्यांना जंगलात नेई. वाट पाहत उभ्या गुरांचं निम्मं शेण तिथेच पडायचं, आणि ते ढोरक्याच्या घरचं. सुगीला त्याला धान मिळे ते वेगळं. आखरावरचं शेण हा त्याचा जुना हक्क होता. त्याची बायको ते वेचून गोवऱ्या थापायची आणि डोक्यावर टोपली घेऊन कुरखेड्याच्या बाजारात न्यायची. ढोरक्याचा एक पाय अधू होता, त्यामुळे सकाळी घरोघरी जाऊन गुरं सोडायचं कामही तिचंच. माझ्या आईच्या वयाची, उंच, हाडकुळी बाई. मी तिला मावशी म्हणायची.

उन्हाळ्यात विहिरीसारखा गोल खड्डा बांधून झाला. वडशाहून ट्रकमधून लोखंडी टाकी आली आणि खड्ड्यावर पालथी बसवली. शेण आणि पाणी कालवून ओतायचं. आत गॅस धरला की टाकी आपोआप वर उचलायची. पावसाळाभर आम्ही ओतत राहिलो. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी टाकी हातभर वर आलेली दिसली. मी काडी लावली आणि निळी ज्योत धरली. धूर नाही, फुंकणी नाही. मी आनंदाने रडले. त्या घरात धुराशिवाय रडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

ज्योत बघायला सारं गाव आलं. मी पातेलंभर चहा टाकला आणि सगळ्यांपुढे धरला. कोणी म्हणालं, आत्ताच घेतला. कोणाचा उपास निघाला. शेणावरचा चहा कसा प्यावा, असं एकजण हळूच म्हणाला. मला त्याचंही खरं वाटलं नाही. त्याच्या घरचं अंगण रोज शेणाने सारवलं जात होतं. ते शेणाला नको म्हणत होते की आमच्या घरच्या कपाला, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण मला वाटायचं ते वाटलं. सासूबाईंनी चहाचं पातेलं उचलून आत न्यायला घेतलं.

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिने कप उचलला, उभ्या उभ्या सगळा प्यायला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "चायले काई वास नाई."

मग दोघा-तिघांनी घेतला. मावशीला मी दुसरा कप दिला, तोही तिने संपवला. त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं मला.

दिवाळीपर्यंत गॅस छान चालला. सकाळचा चहा, दोन्ही वेळचा भात, कधी अंघोळीचं पाणीसुद्धा. आणखी दोन घरांनी अर्ज केले. मग धान कापून झालं, थंडी पडली आणि टाकी खाली बसायला लागली. ज्योत बोटभर, मग नखाएवढी. भात अर्धा शिजून राही आणि पुन्हा लाकडं पेटवावी लागत. मार्गशीर्षात तर टाकी जी बसली ती उठेचना. सासूबाई म्हणायच्या, चार महिन्यांची चैन होती, झाली. माझा मात्र जळफळाट होत होता. एकदा सुखाची सवय लागल्यावर ते हातातून काढून घेतलं की माणूस चोर शोधायला लागतं.

मी शोधला. रोज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गोठ्याकडे बघू लागले. मावशी यायची, दावी सोडायची, गुरं हाकत न्यायची. मला दिसलं की ती फार लवकर येते. नीट उजाडलेलंही नसायचं. गुरं उठून अंग झाडतात, शेणतात, त्याच्या आतच ती त्यांना बाहेर काढते. म्हणजे शेण गोठ्यात न पडता आखरावर पडणार, तिच्या टोपलीत. थंडीत गोवऱ्यांना गिऱ्हाईकही जास्त. माझं गणित चोख जुळलं. थंडीत दिवसच उशिरा उगवतो आणि ती उन्हाळ्यात येते त्याच वेळी येत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी ते झटकून टाकलं असतं. संशयी माणसाला सगळ्यात जास्त राग सरळ उत्तराचा येतो.

मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी मामाजींना सांगितलं. मामाजींनी मला बोलावून पुन्हा विचारलं, तू डोळ्यांनी पाहिलंस का? मी म्हटलं, रोज पाहते.

मामाजी भांडखोर नव्हते. त्यांनी सरपंचाकडे जाऊन नुसती विचारणा केली की आमच्या अकरा जनावरांचं आखरावरचं शेण आम्हाला का मिळू नये. पण ही ठिणगी गवतात पडली. अर्ज केलेली दोन घरं लगेच उठली. मग ज्यांना गॅस नको होता त्यांनाही वाटलं की शेणाला आता किंमत येणार, आपण का सोडा. चावडीपुढे सारं गाव जमलं. चहाला नको म्हणणारेही होते. मी या गावात आल्यापासून पहिल्यांदाच सगळे आमच्या घराच्या बाजूने बोलत होते, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

ठरलं की ज्याचं ढोर त्याचं शेण. ढोरक्याला हवं तर सुगीला थोडं धान वाढवून देऊ, असं कोणीतरी मोघम बोललं. ढोरकी खाली मान घालून बसला होता. मावशी मागे बायकांत उभी होती, तिथूनच बोलली.

"ढोर हरपलं का आमी भरून द्यायचं. वाघानं नेलं का आमचा गुन्हा. अन् शेन पडलं तं तुमचं काऊन?"

मी खाली बघत होते. आमच्या घरात हक्काबद्दल किती बोललं जायचं. मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या माणसांनी कसं सोडलं, गावाने त्यावर काय काय केलं, हे मामाजींनी मला नवी सून म्हणून आले तेव्हा संध्याकाळभर बसून सांगितलं होतं. तेच मामाजी आता धोतराची किनार बोटाने सारखी करत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून आखराचं रूप बदललं. घरटी एक माणूस टोपली घेऊन हजर. प्रत्येकजण आपल्या गाईच्या शेपटीमागे उभा. गाय हलली की माणूस हलायचा. दोन गुरांच्या मधोमध पडलेल्या शेणाच्या पोवावरून भावाभावांची जुंपली. एकाने आखरावर काठीने रेघ ओढली आणि इकडची गुरं तिकडे जाऊ देईना. गुरांना रेघ कळत नव्हती. मामाजींनी ते लांबून पाहिलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाले की रेडिओ ऐकायची आता काही गरज नाही, लढाई इथेच आली. पण आमच्या वाटची टोपली त्यांनी रोज आणली. मी ती रोज खड्ड्यात ओतली.

आणि टाकी उठली नाही.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. शेण आधीपेक्षा जास्त, पाणी मापात, ज्योत तीच नखाएवढी. हे मामाजींना सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मीच खोटी ठरले असते. मी लाकडं फुंकत बसले. धुराने डोळे लाल व्हायचे, तेव्हा वाटायचं, होऊ देत.

माघात ढोरकी आणि मावशी गाव सोडून गेले. त्याच्या कराराचं साल अजून संपलं नव्हतं. गोवऱ्यांशिवाय त्यांचं घर चालेना, हे सगळ्यांना माहीत होतं. ते चंद्रपूरकडे कोळशाच्या कामावर गेल्याचं कळलं. जाताना मावशी आमच्या दारावरून गेली. डोक्यावर गाठोडं होतं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, येते म्हणण्यासारखी. मी आत गेले.

फाल्गुनात ऊन तापू लागलं आणि एका सकाळी टाकी हातभर वर आलेली होती. आम्ही काहीच वेगळं केलं नव्हतं. उलट गुरं राखायला माणूस नव्हता, आखरावरून ती वाट फुटेल तिकडे पांगत, त्यामुळे शेण कमीच येत होतं. ज्योत मात्र पोळ्याच्या दिवसांसारखी निळी, सरळ. काही दिवसांनी जीप आली. साहेबांनी टाकी बघून शाबासकी दिली. मी त्यांना चहा देताना विचारलं की थंडीभर गॅस का नव्हता. ते बशीत चहा ओतत हसून म्हणाले, "थंडीत गॅस कमीच होतो हो. ऊब लागते शेणाला. भोवती पेंढा रचायचा असतो. आम्ही सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. पण त्यांना काय म्हणू? मी कोणाला विचारलं होतं? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. मामाजी ओसरीवर बसले होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवसानंतर त्यांनी आखरावर टोपली नेली नाही. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे आणखी दोन-तीन वर्षांनी जगात तेलाचे भाव उतरले. रेडिओवर ते ऐकून मामाजींनी मान डोलावली. जीप खरंच यायची थांबली. टाकीला गंज चढून भोक पडलं, ते डागायला कोणी आलं नाही आणि आम्ही पुन्हा लाकडांवर आलो. त्यांचा संशय खरा निघाला, माझा खोटा. एवढाच आमच्या दोघांत फरक.

आता मी म्हातारी झाले. सूर्यावर चालणाऱ्या पाट्यांची रानंच्या रानं उभी राहतात, नातू मला मोबाइलवर दाखवतो. तेल कोणाच्या हातात होतं आणि आता पाट्यांतला धातू कोणाच्या हातात आहे, हेही तो समजावून सांगतो. मी ऐकते. सूर्य कोणी बंद करू शकत नाही, असं त्यात कोणी म्हटलं की मला कोरी चप्पल आठवते. मी नातवाला विचारते की पाट्या बसल्या त्या पडीक रानात आधी कोण काय वेचत होतं. त्याला ते माहीत नसतं.

मावशी मला एकदा भेटली. गॅस बंद पडला त्याच वर्षी मी माहेरी गेले होते. कोळशाच्या गाड्या जातात त्या रस्त्याने चालले होते तर रस्त्याच्या कडेला ती वाकून वेचत होती, डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत काळे. तिनेच मला आधी ओळखलं. ओढतच आपल्या झोपडीत घेऊन गेली. ढोरकी बाहेर खाटेवर झोपला होता. तिने सिगडी पेटवली, चहा ठेवला, सासूबाईंच्या डोळ्यांची चौकशी केली. ती एवढी नीट बोलत होती की मला बसवेना.

मी म्हटलं, "मावशी, ते मीच सांगितलं होतं. तुम्ही गुरं लवकर सोडता म्हणून."

ती सिगडीत फुंकर घालत होती. "मालूम हाय," ती म्हणाली. "तुमी रोज दारात उभ्या राहून पाहत होत्या. मी म्हणो, नव्या सुनेले करमत नसन."

मी तिला थंडीचं सांगितलं, शेणाला ऊब लागते ते. तिने मान हलवली, जणू मी हवापाण्याचं काही बोलत होते. चहा गाळून तिने कप माझ्यापुढे धरला. तो घेताना माझी नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली. पोतं कोळशाने भरलं होतं, बरंच मोठं होतं. स्वभाव जातो कुठे. एवढा सगळा वेचलेला असेल का, असं माझ्या मनात आलंच, आणि ते तिला दिसलं.

"पडलेलाच हाय, बाई," ती म्हणाली. "इथी अजून कोनी आपला म्हटला नाई."

मी कप तोंडाला लावला आणि सगळा चहा प्यायले.